एकदा ओढलं तर थांबायचं

भिंगार,
१८ ऑगस्ट २०२४

अजिनाथमामा,

पाया पडते आणि लगेच मुद्द्याचं लिहिते, कारण आठ दिवस झाले माझं चित्त थाऱ्यावर नाही. शाळेत पीटीच्या तासाला मुलींना पळायला लावते आणि स्वतः पाण्यावरच्या बोटींचा विचार करत उभी राहते. परवा तास संपल्याची शिट्टी मारायचीच विसरले.

हर्षलने दोन बोटी शोधल्यात. दोन्ही वापरलेल्या, दोन्ही चालू. मागे दोर बांधून ट्यूब नाहीतर पाटा ओढायचा आणि त्यावर आपली पोरं बसवायची. आम्ही दोघं भावंडं आणि कल्याण मिळून एक घेणार आणि ती तुमच्या वस्तीखाली, धरणाच्या फुगवट्यावर ठेवणार. आपल्या घरापुरतंच. सुट्टीत सगळे तिथे जमतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो मोबाईल घेऊन कोपरा धरतो, त्याचा मला वीट आलाय. परवानगीचे कागद कल्याण बघतोय.

एक बोट पांढरी. तिचं इंजिन पोटात आहे, पंखा पोटाखाली. दिसायला देखणी. मागे मोठी लाट उठते, त्या लाटेवर पाटा छान चालतो म्हणे. दुसरी निळी. तिचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं, पंखाही मागेच. मोठा आवाज करते, पण थोड्या पाण्यातही चालते. हर्षल म्हणतो पांढरी, कल्याण म्हणतो निळी. माझा नवरा वर्कशॉपमध्ये मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करतो, म्हणून त्याला जे खडबडीत दिसेल ते चांगलं वाटतं.

कुठली घ्यायची ते तुम्ही सांगा, कारण चालवणार तुम्ही. सव्वीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, असं आई अजून सगळ्यांना सांगते. आणि त्या पाण्याखाली काय काय आहे ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? तुम्ही नाही म्हणालात तर बोट घ्यायचीच नाही, हे मी दोघांनाही सांगून टाकलंय. माझी मनवा आता तेरा वर्षांची झाली. त्या ट्यूबवर पहिली तीच बसणार आहे, आणि ती बसेल तेव्हा पुढे तुमच्याशिवाय कोणी नको.

तुमच्या त्या फोनला काय झालंय? तीनदा लावला. मामी म्हणाल्या, पत्र टाक, त्यांना पत्रच बरं पडतं. म्हणून हे पारनेरच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते.

तुमची
रोहिणी


फुगवट्यावरची वस्ती, ता. पारनेर
२५ ऑगस्ट

रोहिणे,

पत्र पोचलं. फोनचं इचारू नको, इकडं रेंज धड न्हाई. पत्र बरं. दोनदा वाचता येतं.

निळी घे. यात इचार करन्यासारखं काय न्हाई.

तुला आता पानी दिसतंय काठोकाठ. पन माघ उलटला की पानी उतरतं, आन् आपलं जुनं गाव वर याया लागतं. चावडीची दगडी भिंत माघात दोन हात पान्याखाली असती, फाल्गुनात एक हात. तिच्या पल्याड पाटलाची हीर, तिचं दगडी थारोळं. बाभळीचे बुंधे तर मोजता येनार न्हाईत. पांढरीचा पंखा पोटाखाली म्हंतीस, मंजे तो वर घेता येत न्हाई. चावडीवर एकदा घासली की पंखाबी गेला आन् बोटबी गेली, आन् मागचं पोरगं त्या झटक्यानं कुठं जाऊन पडल ते सांगता येत न्हाई. निळीचं इंजिन मागनं उचलता येतं. उथळ आलं की इंजिनाचा पाय वर घ्यायचा, झालं. जावईबापूला कळतं, तुला न्हाई.

पान्यातली वाट मला पाठ हाय. तिथंच खेळलोय मी, गाव कोरडं हुतं तवा.

एक इचारायचं ऱ्हायलं. मागं बघायला कोन बसनार? पुढचा मानूस पुढं बघतो, त्याला पाठीमागं डोळे न्हाईत. बसला जसा कंडक्टर, तसा हितंबी लागनार. एक बेल थांब, दोन बेल चल. ते कोन करनार ते आधी ठरवा. बोट मंग.

तुझी मामी बरी हाय. हल्ली पुटपुटायची सवय लागलीय तिला, तोंडातल्या तोंडात बोलती. म्हातारपन, दुसरं काय.

अजिनाथ


भिंगार,
८ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र वाचून निळीवर शिक्कामोर्तब केलं होतं. मग काल दोन्ही बोटी बघून आले आणि सगळं फिरलं.

मालकाने निळी पाण्यात घातली. त्यांचाच माणूस चालवायला, मनवा मागे ट्यूबवर, अंगात जॅकेट. एक चक्कर झाली, पोरगी हसून हसून बेजार. दुसऱ्या चक्करीत हात सुटला, पाण्यात पडली. काही झालं नाही, तिला पोहता येतं. तो माणूस बोट वळवून तिला घ्यायला आला. ती शिडी धरायला पुढे झाली आणि इंजिन चालूच. मी काठावरून ओरडले, शिट्टी मारली. त्याला त्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. कल्याण पाण्यात कंबरभर शिरला आणि दोन्ही हात वर करून नाचला, तेव्हा कुठे त्याने बंद केलं. मनवाचा पाय आणि पंखा यांच्यात हातभर अंतर होतं. मी ते बघितलंय, आणि कालपासून दुसरं काही दिसत नाही. भाजी चिरताना सुरी बाजूला ठेवून दिली.

पांढरीचा पंखा पोटाखाली, शिडीपासून लांब. तिथे ही भीती फार कमी. आता तुमची चावडी एका बाजूला आणि हा पंखा एका बाजूला. मी काय करू?

मागे बघायला मी बसेन. मला एकच लिहून पाठवा. मी मागून ओरडले, ‘मामा, बंद’, की त्याच क्षणी इंजिन बंद होईल ना? तुम्ही हो म्हणालात तर निळी. तुमचा शब्द मला पुरेसा आहे.

रोहिणी


वस्ती,
१७ सप्टेंबर

रोहिणे,

पांढरी घ्या.

चालवायला हर्षलला शिकवा. जवान हाय, डोकं हाय. माझे गुडघे आता धरत्यात. नकाशा काढून देईन मी, चावडी कुठं, हीर कुठं.

अजिनाथ


भिंगार,
२४ सप्टेंबर

मामा,

हे काय उत्तर झालं?

आधीच्या पत्रात पांढरी म्हणजे चावडीवर मरण, आणि आता चार ओळींत पांढरी घ्या. गुडघ्यांचं म्हणाल तर बोटीला क्लच नसतो. बसून एक चाक फिरवायचं आणि एक दांडा पुढेमागे करायचा. आणि हर्षलला नकाशा देऊन काय होणार? त्याला पुण्यात स्वतःची सोसायटी सापडत नाही.

रविवारी पुन्हा फोन लावला. मी विचारलं, मामा, तुम्ही रागावलात का? तुम्ही म्हणालात, ‘व्हय व्हय, लई चांगलं.’ मग मी विचारलं, मामी कुठे आहेत? तेव्हाही ‘व्हय व्हय’. आणि फोन ठेवलात.

मला वाटतं माझ्या लक्षात आलंय. ज्या गावात तुमचं बालपण गेलं, त्याच्या डोक्यावरून पोरांनी हुंदडत, आरडाओरडा करत जायचं, हे तुम्हाला आवडलेलं नाही. आधी सांगायला जीभ रेटली नाही, आता सांगता येत नाही. तसं असेल तर सरळ लिहा. मला वाईट वाटेल, पण समजेल.

नाहीतर हर्षलने पांढरीच्या मालकाला होकार कळवलाय. दसरा झाला की ट्रेलरवर घालून आणणार आहेत. तुमचं ऐकूनच हे चाललंय, लक्षात ठेवा.

रोहिणी


वस्ती,
२ ऑक्टोबर

रोहिणे,

तसं काय न्हाई. गावाच्या डोक्यावरनं पोरं नाचली तर गावाला बरंच वाटल. पांढरी आनू नका. हे आधी वाच, मंग तुला काय करायचं ते कर. चार दिस झाले, लिहितो आन् फाडतो. मामी म्हंती, एकदाचं लिवा न्हाईतर घरातनं भाईर जा.

मला ऐकू येत न्हाई. डावा कान गेलाच हाय, उजव्यात थोडं हाय. शिट्टी, घंटी, बायामानसांचा आवाज, असलं बारीक काय येत न्हाई. मागच्या साली तू बांधावरनं शिट्टी मारलीस आन् मी वळलो न्हाई, तू म्हनालीस मामाला भाव चढलाय. मला आलीच न्हवती ती. मामी पुटपुटत न्हाई. ती वरडती.

तू इचारलंस, मी वरडले की बंद होईल ना. त्याचं उत्तर न्हाई असं हाय. म्हनून पांढरी लिवलं. पंखा लांब तरी ऱ्हाईल, आन् मी चालवनारच न्हाई. पन मंग चावडी डोळ्यापुढं आली. हर्षल भरधाव चाललाय, मागं मनवा, आन् खाली ती भिंत. गेल्या आठ दिसात रोज दोनदा पान्यावर जाऊन आलो. तिथं जाऊन काय करनार हुतो ते मला ठाऊक न्हाई.

आता दुसरं. सव्वीस वर्षं ओरखडा न्हाई म्हनती तुझी आई. हाय ओरखडा.

बारा वर्षांमागं. माझ्या गाडीवर सत्यशीला कंडक्टर हुती. एका थांब्यावर तिनं दोन बेल दिल्या, गाडी हलली. तेवढ्यात राहीबाई नावाची म्हातारी उठली, तिचं उतरायचं ऱ्हायलं हुतं. सत्यशीलानं एक बेल दिली. म्हातारीला वाटलं गाडी थांबतीच हाय, तिनं पाय खाली टाकला. मी थांबलो न्हाई. म्हातारीचा हात मोडला. वर्षभर तिला भाकरी थापता आली न्हाई. गेली आता बिचारी.

चौकशी लागली. मी सांगितलं, बेल दिलीच न्हाई. तवा मला तसंच वाटत हुतं, देवाशपथ. सत्यशीला म्हनाली, दिली. सायबांनी माझं रेकॉर्ड बघितलं आन् माझं खरं धरलं. तिला सहा महिने घरी बसवलं, मंग लांबच्या डेपोत टाकलं.

पुढच्या महिन्यात नवा कंडक्टर आला. डेपोत उभ्या गाडीत तो दोरी ओढून बघत हुता, घंटी नीट हाय का म्हनून. मी शीटवर बसलेलो. त्याचा हात हलताना आरशात दिसत हुता. घंटी ऐकू येत न्हवती. तवाच मला सगळं कळलं. मी गुडघ्याचं कारन लिहून आधीच सुट्टी घेतली नोकरीतनं. बाकी काय बोललो न्हाई. बारा वर्षं झाली.

आता तुला कळलं, तू कुनाच्या शब्दावर पोर सोडनार हुतीस.

अजिनाथ


भिंगार,
२१ ऑक्टोबर

मामा,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुम्हाला वाचवलं नसतं.

पांढरीच्या मालकाला नकार कळवला. हर्षल माझ्याशी बोलत नाही. मी त्याला कारण सांगितलेलं नाही. कल्याणला सांगितलं. आईला सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही.

मला राग कानांचा नाही. कान कोणाचेही जातात. मला राग याचा आहे की तुम्ही त्या पहिल्या पत्रात ‘निळी घे, वाट मला पाठ हाय’ म्हणून मोकळे झालात. मी ते ‘बंद होईल ना’ विचारलं नसतं, तर तुम्ही चाकावर बसला असतात ना? मनवा मागे होती, मामा. मी तिला विचारलं, तुला अजून बसायचंय का? ती म्हणाली, मामाआजोबा चालवणार असतील तर. मला रडूच फुटलं तिच्यासमोर.

आणि त्या सत्यशीलाबाई. बारा वर्षं ती बाई सांगतेय की मी बेल दिली, आणि तिचं कोणी खरं मानत नाही. मी रोज वर्गात उभी असते. एखादी मुलगी खरं बोलते आणि सगळे तिच्याकडे संशयाने बघतात, तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. तुम्ही तो चेहरा चौकशीच्या वेळी समोर बघितला असेल.

त्यांना शोधा. जाऊन सांगा. मला पत्र नंतर लिहा. बोटीचं त्यानंतर बघू, नाहीतर राहू दे बोट.

तुमच्यावर माया आहे म्हणून एवढं लिहिलंय. ती कमी झालेली नाही, त्याचाच त्रास होतोय.

रोहिणी


वस्ती,
१४ नोव्हेंबर

रोहिणे,

जाऊन आलो.

ती पारनेरातच असती, रिटायर झाली. दोनदा गल्लीच्या तोंडापातूर गेल्तो आन् माघारी आलो. तिसऱ्यांदा मामीला संगं घेतलं, मंग माघारी येता येईना.

तिची सून, दोन शेजारनी, समदे बसले हुते. मला वाटलं एकटीला सांगावं. ती म्हनाली, न्हाई, हितंच सांगा, आन् मोठ्यानं. म्हनून मोठ्यानं सांगितलं. बेल दिली हुती. एक दिली हुती. माझ्या कानाला आली न्हाई, आन् नंतर कळूनबी मी गप ऱ्हायलो.

चहा इचारला न्हाई तिनं. कागद आन् पेन आनून पुढं ठेवलं. लिवा म्हनाली, खाली सही, तारीख. लिवलं. तिनं त्याची घडी घालून कनवटीला लावली. डेपोच्या सायबाला मी सोता एक पाठवलंय, आता ते काय करत्यात ते त्यांचं त्ये. तुझ्या आईलाबी कळवलं. ती रडली.

निघताना मामीनं बोटीचं काढलं. मी तिला डोळ्यानं दापत हुतो, पन ती कसली ऐकती. सत्यशीलानं सगळं नीट ऐकून घेतलं, मंग माझ्या तोंडाजवळ तोंड आनून इचारलं, ‘मागं कोन बसनार?’

मी म्हनालो, कुनी न्हाई. बोटच न्हाई. मी चालवत न्हाई.

ती म्हनाली, ‘पान्याखालचं तुमाला माहीत, दुसऱ्याला न्हाई. चालवा. मागं मी बसते. माझा तुमच्यावर भरवसा न्हाई, म्हनूनच बसते.’

तुला काय वाटतं ते लिव. तू न्हाई म्हनालीस तर न्हाई.

अजिनाथ


भिंगार,
२८ नोव्हेंबर

मामा,

मी पारनेरला जाऊन त्यांना भेटले. त्यांनी मला चहा दिला.

निळी येतेय. हर्षलला सगळं सांगितलं, तो आता बोलतोय. कल्याण तुम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, ते काय म्हणाले ते त्याने मला सांगितलं. कानातली मशीन घरात उपयोगाला येईल, मामींचा घसा वाचेल. पण वारा आणि इंजिन असताना तिच्यावर विसंबायचं नाही. म्हणून कानांवर काहीच ठेवायचं नाही, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलंय.

तुमच्यासमोर बसच्या मापाचा आरसा बसवतोय. तुमच्या डाव्या मनगटाला एक मऊ दोरी, तिचं दुसरं टोक मागे सत्यशीलाबाईंच्या हातात. बसमध्ये छताला दोरी असायची तशीच. एकदा ओढलं तर थांबायचं, दोनदा ओढलं तर चालायचं. ही कल्पना त्यांची.

आणि इंजिनाला एक लाल दोरी असते. ती हिसकली की इंजिन जागीच बंद पडतं. तीसुद्धा त्यांच्या मांडीवर राहील. तेव्हा त्यांच्या हातात नुसती बेल होती, तुम्ही ऐकाल तर थांबाल. आता तुम्ही थांबला नाहीत तर त्या थांबवतील. मनवाला मी या अटीवर सोडतेय. तुम्हाला अपमान वाटला तर वाटू दे.

नाताळच्या सुट्टीत येतो. तोवर मला झोप नीट लागणार नाही, हे तुम्हाला माहीत असू दे.

रोहिणी


वस्ती,
२७ डिसेंबर

रोहिणे,

तुमी काल गेलात आन् मी आज लिहायला बसलो. समोरासमोर सांगायला मशीन घालावी लागती, आन् ती घातली की मामीचंच जास्त ऐकू येतं.

परवा तू काठावर शिट्टी तोंडात धरून उभी हुतीस. पहिल्या चक्करीत मधीच बोट थांबली आन् तू पळत पान्यात आलीस, चपलांसकट. तुला वाटलं इंजिन बंद पडलं. मंग बोट पुन्हा चालू झाली आन् तू कल्यानरावांकडं बघून हात उडवलास. वरनं तुला कळलं नसल, म्हनून सांगतो.

ते बंद पडलं न्हवतं.

आमी चावडीच्या अंगाला आल्तो. खाली सहा हात पानी हुतं, तरी मी वळसा घेतला, सवयीनं. आरशात मनवा दिसत हुती, दोन्ही हात घट्ट, तोंड उघडं. वरडत असनार. मला लई बरं वाटत हुतं आन् लई भ्या वाटत हुतं. तेवढ्यात मनगटाला हिसका बसला. एकच.

मी दांडा माघारी घेतला, इंजिन बंद केलं. कधी केलं ते माझं मलाच कळलं न्हाई. दोर सैल पडला. आरशात बघितलं तर पोर ट्यूबवर नीट बसलेली, हसतीय. आजूबाजूला काय न्हाई, पुढं काय न्हाई. मी वळून सत्यशीलाकडं बघितलं. लाल दोरी मांडीवर तशीच पडलेली, तिनं तिला हातबी लावला न्हवता. काय झालं म्हनून मी इचारलं.

ती मला दिसंल असं सावकाश म्हनाली, ‘काय न्हाई झालं. बेल पोचती का बघत हुते.’

मी म्हनालो, पोचली.

मंग तिनं मान वळवली. पान्याकडं बघत हुती. बोट हलकी हलकी डुलत हुती, आन् तू तिकडनं पळत येताना दिसत हुतीस.

मंग तिनं दोनदा ओढलं.

अजिनाथ